खाजणराखीण

रविवारी सकाळी चहा गाळता गाळता उत्कर्षाने फोनवर त्यांच्या खेळाची फाइल उघडली, आणि चहा कपाबाहेर सांडला तरी तिला कळलं नाही.

तिचं कार्ड कोणीतरी बदललं होतं. कोणीतरी कशाला, दर्पणनेच. फाइलमध्ये हात घालायची खोड त्यालाच होती.

उत्कर्षा पालघरजवळच्या माकुणसार गावची. आठवड्याचे सहा दिवस बोईसरच्या एका रसायन कारखान्यात प्रयोगशाळेत नमुने तपासायची. रविवारी ती, दर्पण आणि कुशल मिळून पत्त्यांचा एक खेळ रचत होते. राक्षस, जादूगार, योद्धे असं सगळं त्यात होतं. कार्ड टाकायचं तर ‘दम’ मोजायचा, आणि दर फेरीला आदल्या फेरीपेक्षा एक दम जास्त मिळायचा. दोन वर्षांत एकशे चाळीस कार्डं झाली होती. छापायला द्यायच्या आधी एक शेवटचं कार्ड उत्कर्षाने सुचवलं होतं: खाजणराखीण, म्हणजे तिच्या गावाकडच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीची, खाजणाची, राखण करणारी. किंमत तीन दम. ती टेबलावर आली की भरती येते आणि समोरच्याचा एक योद्धा त्याच्या हातात परत जातो.

आता फाइलमध्ये नाव होतं ‘मीठवाली’. आणि खाली लिहिलं होतं, फक्त एक दमाचा योद्धा परत जातो. एक दमाचे योद्धे अख्ख्या खेळात चार होते.

अकरा वाजता ती पालघरला कुशलच्या टायपिंग क्लासमध्ये पोचली. रविवारी क्लास बंद असे, म्हणून तिथे जमायचं. चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, “दर्पण, कुणाला विचारून बदललंस?”

“अगं, फार जड होतं ते कार्ड,” दर्पण हसत म्हणाला. “माझा अजगर आठ दमांचा. तुझी बाई तीन दमांत त्याला घरी पाठवणार? आणि खाजणराखीण म्हणजे काय, हे कुणाला कळणार आहे?”

“ज्याला कळणार नाय तो विचारेल! एक तरी डाव खेळून बघितलास?”

“खेळायला कशाला हवं? दिसतंच आहे. तुला गावाचं कौतुक आहे ते ठीक आहे, पण भावनेवर खेळ चालत नाही.”

उत्कर्षा भडकली. नमुना न तपासता कोणी आकडा लिहिला, तर कारखान्यात त्याला दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नाहीत. इथे मात्र हा पठ्ठ्या न खेळता निकाल देत होता, आणि वर तिलाच भावनेची म्हणत होता.

“कुशल, पत्ते काढ,” ती म्हणाली. “तू दर्पणचा अजगर घे. मी माझं मूळ कार्ड घेते. हा बसेल आणि लिहील.”

कुशलने गठ्ठा पिसला. पहिला डाव तो जिंकला, दुसरा ती. सहा डाव झाले तेव्हा तीन-तीन अशी बरोबरी होती. दर्पणच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि ते पाहून तिला बरंच वाटत होतं.

सातव्या डावात तिच्या हाती होडी आली. होडी हे जुनं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं कार्ड. एकदा टेबलावर ठेवलं की दर फेरीला एक दम मोजून टेबलावरचं आपलं एखादं कार्ड हातात उचलून घेता यायचं. उत्कर्षाने सहज खाजणराखीण उचलली, पुन्हा टाकली. कुशलचा अजगर हातात परत. नव्या फेरीत कुशलने अजगर टाकला. टाकलेला योद्धा पुढच्या फेरीतच हल्ला करू शके. त्याआधीच तिने राखीण उचलून पुन्हा टाकली. पुन्हा परत. पुन्हा. कुशलने चौथ्यांदा अजगर टाकला आणि हात टेबलावर ठेवून म्हणाला, “आता मी नुसताच बघत बसायचा हाय काय?”

उत्कर्षा थांबली. दर्पण फोनमध्ये काहीतरी बघत होता. त्याच्या लक्षात आलं नव्हतं. हा डाव तसाच संपवून गठ्ठा आवरला असता, तर कुणालाच पत्ता लागला नसता.

तिला स्वतःचाच भयंकर राग आला. तिनेही होडीसोबत खेळून पाहिलं नव्हतं.

“कार्डात चूक हाय,” ती जवळजवळ ओरडलीच. “होडीबरोबर समोरच्याला खेळताच येत नाय. माझी चूक.”

दर्पणने मान वर केली. “बघ! मी म्हणत नव्हतो?”

“नव्हतास!” तिने हातातले पत्ते टेबलावर टाकले. “तुला होडी दिसलीच नव्हती. तुला फक्त तुझा अजगर मागे गेलेला दिसला. तू माझं कार्ड मारलंस, नाव पुसलंस, आणि ही खरी चूक तशीच राहू दिलीस!”

तिने पेन ओढून कार्डाच्या कागदावर एक ओळ लिहिली: ‘हे कार्ड हातात परत घेता येत नाही.’ बाकी सगळं होतं तसंच, तीन दम, भरती, नाव. मग कुशलबरोबर आणखी सहा डाव, या वेळी होडीसकट. चार ती हरली, दोन जिंकली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आणखी आठ, पाच-तीन तिच्या बाजूने. एकूण सात-सात, बरोबरी.

“ठीक आहे,” दर्पण म्हणाला. “सॉरी. आता तरी हस.”

“हसायचं नाय मला. यापुढे दुसऱ्याचं कार्ड खेळल्याशिवाय बदलायचं नाय. फाइलच्या वर लिही.”

त्याने कुशलकडे पाहिलं. “लिही,” कुशल म्हणाला. दर्पणने लिहिलं.

दोन महिन्यांनी पालघरच्या एका लहानशा हॉलमध्ये लोकांनी खेळून बघावं म्हणून त्यांनी छापील गठ्ठे मांडले. तिघं कामापुरतं बोलत होते; दर्पणशी उत्कर्षाचं पूर्वीसारखं जमलं नव्हतं आणि तिलाही तशी घाई नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर कॉलेजच्या दोन मुली खेळत होत्या. एकीने खाजणराखीण टाकली आणि दुसरीचा अजगर मागे गेला.

“काय भिकार कार्ड आहे हे!” दुसरी चिडून ओरडली. “कोणी बनवलं?”

“मी,” उत्कर्षा म्हणाली आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. “पुढच्या डावात तू घे ते. मग सांग कुठे चुकलंय.”