मांजरपाटाचे अकरा सदरे

"निंबाभाऊ, मनं आंगडं कोनी तरी बदली टाकं!"

कौतिक वांग्यांच्या वाफ्यांतून ओरडत आला. अंग उघडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, हातात पांढरा सदरा. माझ्यासमोर उभा राहून त्याने तो डोक्यातून घातला. सदरा बेंबीच्या वरच थांबला.

"देखा. हाई मनं शे का?"

मी सदरा काढायला लावला आणि उलटा करून पाहिला. डाव्या बगलेत एका जागी शिवण उसवून पुन्हा घातलेली होती, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा ती मीच उसवायला लावली होती. सदरा कौतिकचाच होता.

"खरं सांग. काय करं तू?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. शाळा सुरू होईपर्यंत सदऱ्याला हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं होतं. पण गिलक्यांच्या वेलांना पाणी द्यायची त्याची पाळी होती आणि नवा सदरा घालून पाणी द्यावं असं त्याला वाटलं.

"पाटमा पडनू. मंग हौदमा धोयं. कुपाटीवर वाळाले टाकं. बस, इतलंच."

धुतलं म्हणाला तसा मी उठलो. मी दुसऱ्या एका मुलाचा, लीलाधरचा, कोरा सदरा घेतला, हौदात बुडवला, पिळला आणि उन्हात टाकला. जेठ महिन्यातलं दोंडाईच्याचं ऊन. तंबाखूची चिमूट संपायच्या आत कापड खडखडीत वाळलं. लीलाधरच्या मापाची सुतळी लावून पाहिली. सदरा चार बोटं आखूड झाला होता.

त्रेपन्न सालची ही गोष्ट. मी जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बोद शिवत असे. बोद म्हणजे कापूस भरायची मोठी गोणी. माणूस आत उतरून कापूस तुडवतो, मग तोंड शिवायचं. दाभण आणि सुतळी, सतरा वर्षं तेच काम. उन्हाळ्यात जीन बंद पडलं की आम्ही नवरा-बायको मिळेल ते करायचो. त्या वर्षी गावाबाहेरच्या बालकाश्रमात भाजीच्या वाफ्यांवर माझ्या बायकोला, सुंदरबाईला, काम मिळालं. आश्रमाच्या कुंदाअक्कांनी मला विचारलं, "शिवणकाम येतं का?"

"सतरा वर्षं शिवतोय," मी म्हणालो. काय शिवतोय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आश्रमात अकरा मुलं होती, ज्यांना सुट्टीतही जायला घर नव्हतं अशी. मागच्या जूनमध्ये ती मागून आणलेल्या कपड्यांत शाळेत गेली, कुणाचं फाटकं, कुणाचं दोन माणसं मावतील असं. पहिल्याच दिवशी त्यांना वर्गाच्या दाराबाहेर, चपलांजवळ बसवलं. अक्कांनी त्या संध्याकाळी मुलांना शब्द दिला होता की पुढच्या वर्षी एकाच कापडाचे नवे सदरे घालून तुम्ही आत बसाल. मग त्या एका कापडव्यापाऱ्याकडे खेपा घालत राहिल्या आणि मांजरपाटाचा एक तागा मिळवला. दुसरा मिळणार नाही, हे त्याने देतानाच सांगितलं होतं.

तो तागा मी कापला होता. आणि शाळा चार दिवसांवर आली होती.

सकाळी उन्हं चढायच्या आत मुलं सुंदरबाईच्या हाताखाली वाफ्यांना पाणी द्यायची, गवारी तोडायची, वांग्यांतली कीड वेचायची. दुपारी कडुनिंबाखाली माझ्यापुढे सुई घेऊन बसायची. पहिल्या दिवशी तोताराम, सगळ्यांत मोठा, बारा-तेरा वर्षांचा, फुरंगटून म्हणाला होता, "हाई बायास्नं काम शे."

"जीनमा ये," मी म्हणालो. "पन्नास जण शिवतस. एक बाई दखाड मले."

त्यानंतर कुणी कुरकुर केली नाही. प्रत्येकाच्या मापाची एकेक सुतळी मी भिंतीवर खिळ्यांना टांगली होती. खांद्याला एक गाठ, बाहीला एक, लांबीला एक. आपापली सुतळी मुलं येता-जाता ओढून बघायची. कापून मी द्यायचो, शिवायचा ज्याचा त्याने. मला एकच आकार येत होता, बोदाचा. त्याला वर एक भोक आणि दोन बाजूंना दोन बाह्या. पण शिवण पक्की होती. दीड महिन्यात अकराही सदरे तयार झाले होते.

मी लीलाधरचा आखूड सदरा घेऊन सुंदरबाईकडे गेलो. ती गवारीच्या वाफ्यात वाकली होती. तिने सदरा हातात धरला, चोळून पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"तुम्हीन कापड भिजाडं नही?"

"बोद कोन भिजाडस?"

"बोद शाळामा जातस का?" ती म्हणाली.

खरं सांगायचं तर आमच्या घरात कोरं कापड कधी कापलंच गेलं नव्हतं. तिचं लुगडं नेसायचं, फाटलं की त्याची गोधडी व्हायची. माझा सदरा गावचा शिंपी शिवायचा, तो काय भिजवतो नि काय नाही हे बघायला कोण बसतं? जुन्या धुवट कापडाशीच आमचा संबंध. ते आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं.

"आते काय करवा?" मी विचारलं.

"अक्काले सांगा."

"काढी टाकतीन."

"काढी टाकू द्या. पन आज सांगा. पोऱ्यास्ना आंगमा आटाना आगोदर."

मी अक्कांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या टेबलाशी काही लिहीत होत्या.

"अक्का, मी शिंपी नाही. जीनमध्ये बोद शिवतो."

"माहीत आहे," त्या न बघताच म्हणाल्या.

"कसं?" मी विचारलं.

"शिंपी दातांनी दोरा तुमच्यासारखा तोडत नाही, निंबाभाऊ. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही मुलांना सांगितलंत, टीप अशी घाला की आत माणूस नाचला तरी उसवू नये. सदऱ्यात कोण नाचतं?"

"मग ठेवलं कशाला?"

"आधीचे शिंपी फार सुबक शिवायचे. पण त्यांनी एकाही मुलाच्या हातात सुई दिली नाही." त्यांनी टाक खाली ठेवला. "एवढंच सांगायला आलात?"

मी सदरा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सगळेच आटतील?"

"दोन भिजले, दोन्ही आटले. बाकीचे पहिल्या धुण्याला आटतील."

त्यांनी सदऱ्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मी वाट बघत होतो, की आता म्हणतील, उद्यापासून येऊ नका.

"मी एकदा विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "सतरा वर्षं शिवतोय म्हणालात, मला वाटलं एवढं तर केलंच असेल. उद्या सगळे भिजवा. जे व्हायचं ते इथे होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे नऊ सदरे हौदातून काढून कुपाटीच्या कुंपणावर टाकले. मुलं भाजीला पाणी न देता समोर ओळीने बसून राहिली, मातीला आल्यासारखी. सदरे वाळले. प्रत्येकाने आपापला घातला. कुणाची बेंबी उघडी, कुणाच्या बगलेत रुतलेला. लीलाधर रडायला लागला, मग आणखी दोघं. तोताराम रडला नाही. त्याने सदरा काढून घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

झिपरू सगळ्यांत लहान, सहा वर्षांचा. त्याचा सदरा त्याच्या डोक्यातूनच उतरेना. त्याने तो भिरकावला आणि कौतिकने जमिनीवर टाकलेला उचलून अंगात घातला. घातला आणि वाफ्यांच्या कडेने नाचत सुटला.

"हाई मनं शे! देखा, मनं शे!"

"काढ!" कौतिक त्याच्या मागे धावला. "मी शिवेल शे ते! काढ आंगमाईन!"

दोघं भेंडीच्या वाफ्यात पडले. सोडवायला सुंदरबाई गेली. तिने झिपरूला दंडाला धरून उभं केलं, माती झटकली आणि एकदम थांबली. सदऱ्याच्या बाह्या त्याच्या मनगटाशी बरोबर आल्या होत्या. खांदा जागच्या जागी होता.

"ऐका हो," तिने मला हाक मारली. मग मुलांकडे वळून ओरडली, "बठ्ठा उभा ऱ्हा! जेवाले बसतस तसा!"

जेवायला ती उंचीप्रमाणे बसत, झिपरूपासून तोतारामपर्यंत. तशी ओळ लागली. सुंदरबाई म्हणाली, "आते ज्याना त्याना सदरा खालना पोऱ्याले द्या."

कुणी हलेना. सगळ्यांनी आपापला सदरा छातीशी धरला होता. तेव्हा मला कळलं. दीड महिना बोटं टोचून, उसवून, पुन्हा शिवून केलेली ती पहिली वस्तू होती, जी कुणी त्यांना दिलेली नव्हती. ती काढून दुसऱ्याला दे म्हणणं सोपं नव्हतं. चूक माझी होती.

तोताराम ओळीच्या शेवटी होता. त्याच्यामागे कुणी नव्हतं. दिला की त्याला काहीच मिळणार नव्हतं, हे त्याला इतर कुणाच्याही आधी कळलं असणार. त्याने हातातली घडी उलगडली आणि सदरा लीलाधरपुढे धरला.

"ले. घाल."

लीलाधरने नाक पुसलं, घातला. बरोबर बसला. मग त्याने छातीशी धरलेला आपला पुढच्याला दिला. असं करत करत ओळ कौतिकपर्यंत आली. त्याला वरच्याचा सदरा नीट बसला, तरी तो झिपरूकडे रागाने बघत होता. शेवटी त्याने झिपरूची डावी बगल वर केली आणि शिवणीवर बोट ठेवलं.

"आठे हात लाऊ नको. आठे मी तीन डाव शिवेल शे."

"तीन डाव?" झिपरूने विचारलं.

"तीन डाव."

झिपरूने मान हलवली आणि बगल घट्ट दाबून धरली.

तोतारामसाठी अक्कांनी आपल्या खोलीच्या पडद्यासाठी बाजूला ठेवलेला मांजरपाटाचा तुकडा आणून दिला. मी हात पुढे करायच्या आत सुंदरबाईने तो हौदात बुडवला. तोतारामने शिवायला घेतला तेव्हा बाकीचे दहाही सुया घेऊन आले. एकाने बाही, एकाने गळा, झिपरूने खालच्या दुमडीला चार टाके, चारही वाकडे. तोतारामने ते उसवले नाहीत. शाळेच्या आदल्या दिवशी सदरा तयार झाला. आम्ही सगळे वाफ्याच्या कडेला बसून वांग्याचं भरीत आणि भाकरी खाल्ली. खूप दिवसांनी मला अन्नाची चव कळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं शाळेतून आली. अक्का दारातच उभ्या होत्या.

"कुठे बसवलं?"

"दुसरी ओळमा," कौतिक म्हणाला.

"आत?"

"मंग काय बाहेर! पहिली ओळमा मास्तरना पोऱ्या बसतस. त्यास्ना सदराना काज उसवेल शे, अक्का. एकेक बोट जाई इतलं."

अक्का हसल्या आणि पदराने तोंड पुसत आत गेल्या. मग वळून मला म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात येणार ना, निंबाभाऊ?"

"येतो," मी म्हणालो.

उरला तो झिपरूने भिरकावलेला सदरा. तो कुणालाच येत नव्हता. सुंदरबाई म्हणाली, फाडून ठिगळं करू.

"नको," अक्का म्हणाल्या. "येईल एवढं लहान कुणीतरी."

त्या घरात येणारं मूल आपलं घर गमावूनच येतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्याला एक गुंडी लावायची राहिली होती. ती मी चौपदरी दोऱ्याने पक्की लावली. सदऱ्याची घडी घातली आणि आश्रमाच्या मोठ्या पेटीत सगळ्यांत तळाशी ठेवली. मग तिच्यावर सतरंज्या, चादरी, जुनी पोती, जे हाताला लागलं ते सगळं रचलं.