दुकानातला क्लाइव

खेळण्यातल्या गाडीच्या रिमोटच्या कडेचं ते चिमुकलं स्टिअरिंग – त्याच्यावरचा काळा स्पंज एका जागी झिजून खोल गेलेला, क्लाइवच्या उजव्या अंगठ्याएवढाच – दुकानवाल्या डिऑनने सोडवून काउंटरवर ठेवलं, आणि मर्लला उगाच वाटलं, हे कुणीतरी झाकायला हवं.

"एका हाताने चालेल ना रे?"

"चालवूच की, आंटी. रेस आणि ब्रेकचा खटका बोटाखाली आहेच. वळवायला एक दांडी बसवतो, डाव्या अंगठ्याला पोचेल अशी. अंकल सुरुवातीला भिंतींना धडका देतील. तुम्ही फक्त आपले पाय सांभाळा."

ती कसनुशी हसली. इतकी वर्षं या दुकानाचा तिने दुस्वास केला होता. आठवडाभर मोटारीच्या कारखान्यात रंग मारून आलेला माणूस शनिवारी गाडीचं खोकं काखोटीला मारून इथे पळायचा. 'नातवंडं झाली, आणि हा खेळण्यांशी खेळतोय!' ती ऐकवायची आणि तो गप्प. क्लाइव गप्पच असायचा. 'आमचे हे अबोल आहेत,' असं ती चर्चमधल्या बायकांना सांगायची, ते थोड्याशा तोऱ्यातच, जसं एखादीने सांगावं की आमचे हे पीत नाहीत... आणि मग त्या सकाळी हातातला कप पडला, आणि तो त्या कपाकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणी टाकलाय. उजवी बाजू गेली. वाचा गेली, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा – देवा, मला क्षमा कर – तिच्या मनात आलं, होती कुठे?

"दुकान आता मुकं वाटतं बघा," डिऑन स्क्रू पिळता पिळता म्हणाला. "शनिवारी अंकल आले की मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही."

"कोण? क्लाइव?"

"नाही तर कोण! त्या स्टुलावर बसून फोरमनची नक्कल करायचे. लोक पोट धरून हसायचे. आणि तुमचीसुद्धा..." तो थबकला.

"माझी काय?"

"वाईट नाही हो. तुम्ही बहिणीशी फोनवर आधी कुजबुजता आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं हसता ना, ती. वर म्हणायचे, घरी बोलायचं काम तिचं, माझं ऐकायचं. इथे माझी पाळी."

"हसत म्हणायचा?"

"अंकल सगळं हसतच म्हणायचे, आंटी."

काचेपलीकडे, वाऱ्याने हलणाऱ्या त्यांच्या जुन्या गाडीत, क्लाइव बसला होता. वाट बघताना खायला म्हणून तिने दिलेला पाकात घोळलेला, तळलेला गोड कूकसिस्टर त्याच्या मांडीवर तसाच होता.

"त्यांना आत आणू का? मी धरतो."

"नको," ती घाईने म्हणाली. आत आणला तर या स्टुलावर कोण बसणार होता – इथला तो, की तिचा? आणि इथला तो तर तिने कधी पाहिलाच नव्हता, एकाच पलंगावर निजून, एकाच भांड्यातलं जेवून... "ती फोरमनची नक्कल करून दाखव ना."

डिऑन लाजला. मग खांदे उचलून, नाकात, फोरमनसारखा खेकसला – म्हणजे फोरमनसारखा खेकसणाऱ्या क्लाइवसारखा. मर्ल टक लावून ऐकत होती. तिला हसू आलं नाही. त्या उसन्या आवाजाच्या मागे कुठेतरी तिचा नवरा होता, आणि तिथवर काही केल्या पोचता येईना.

गाडीत बसून तिने रिमोट त्याच्या डाव्या हातात दिला. अंगठ्याने दांडी चाचपली, हलवली, पुन्हा हलवली. त्याने मान वर केली. ओठ वाकडे झाले.

"अ... अ..."

पाणी? काच खाली करू? डिऑन? – रोज ती असे शब्द भराभर त्याच्या तोंडात कोंबत आली होती, आणि त्यातल्या कुठल्याही एकावर तो मुकाट मान हलवायचा. आताही जिभेवर आलेच. तिने ते गिळले. किल्ली फिरवली नाही. आजारपणाच्या आधीही आपण हेच करत होतो का, हा विचार आला आणि जाईना.

"अ..." तो पुन्हा म्हणाला, आणि ती त्याच्याकडे वळून, ओठ घट्ट मिटून, ऐकायला बसली. किती वेळ बसावं लागेल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि इतक्या उशिरा बसून काही ऐकू येतं का, हेही.