रेडिओचा व्हॉल्व्ह आणि सपनाचा मामा

सपनाचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि बोहल्यावर तिच्या मागं मामा म्हणून कोण उभं राहील हे अजून ठरत नव्हतं. आनंदाबाईला सख्खा भाऊ एकच, सेलूचा नत्थूजी. त्याच्याशी तिच्या नवऱ्याचं, रूपरावांचं, वैर. तेही रेडिओच्या एका व्हॉल्व्हपायी.

रेडिओ रूपरावांच्या वडलांचा. लाकडी पेटी, आत काचेचे व्हॉल्व्ह, ते तापले की मग बोलणारा. सपना रांगत होती त्या साली श्रावणात तो बंद पडला, तेव्हा नत्थूजीनं आपल्या दुकानात दुरुस्त करून दिला. दिवाळीत परत खरखरू लागला. रूपरावांनी मागचा पुठ्ठा काढून पाहिलं, तर मोठ्या व्हॉल्व्हवरचं हॉलंडच्या कंपनीचं पांढरं नाव गायब. काच कोरी. साळ्यानं अस्सल माल काढून भलताच बसवला, असं त्यांनी आपल्या अख्ख्या अल्लीपूर गावात सांगितलं. नत्थूजीच्या कानावर गेलं. त्या रेडिओला पुन्हा हात लावणार नाही, अशी त्यानं शपथ घेतली. भाऊबीज तिथंच थांबली.

आता घरोघरी टीव्ही आले, तरी ते वैर काही जुनं झालं नव्हतं. शेवटी आनंदाबाई अडून बसली. व्हॉल्व्ह घेऊन सेलूला चला, खोटा निघाला तर चुलतभावाला मामा म्हणून उभं करू, मी पुन्हा नाव काढणार नाही. रूपरावांना आपल्या म्हणण्याची खात्री होती, म्हणून ते निघाले. एसटीत मात्र तिच्याच मनात आलं. दादा खरंच तसा वागला असेल तर?

नत्थूजीनं पाणी दिलं, चहा सांगितला. तिनं रुमालात गुंडाळलेला व्हॉल्व्ह पुढं ठेवला.

"शपथ रेडिओची होती, दादा. हा तर नुसता व्हॉल्व्ह आहे."

तो हसला नाही, पण त्यानं चष्मा लावला. आतल्या पत्र्याची घडण पाहिली, वरचं चांदीसारखं कडं पाहिलं. काचेत खाली करड्या रंगाच्या बारीक खुणा होत्या. ही कारखान्याची निशाणी, हॉलंडचीच, असं तो म्हणाला.

"तुह्या खुणा तूच वाचणार," रूपराव म्हणाले. "नाव कुठं गेलं ते सांग."

नत्थूजीनं व्हॉल्व्ह उलटा केला. काळ्या बुडाच्या खाचेत लाल काहीतरी वाळून बसलं होतं. त्यानं ते नखानं खरवडलं.

"हे कुंकू काऊन आलं इथं?"

आनंदाबाईला खंडेनवमी आठवली. वखर, विळा, तराजू, सगळं ओल्या फडक्यानं पुसून ती कुंकू लावायची. त्या वर्षी रेडिओचा पुठ्ठा ढिला होता. आतली काच धुळीनं माखलेली दिसली, म्हणून तिनं तीही पुसली, बुडाला कुंकू लावलं; वरचे पांढरे डाग निघाले म्हणून तिला बरंही वाटलं होतं. अक्षरओळख तिला पुढं कितीतरी वर्षांनी, साक्षरतेच्या वर्गात झाली.

"मीच पुसलं जी," ती नवऱ्याला म्हणाली.

भावासाठी तू काहीही म्हणशील, असं रूपराव पुटपुटले. नत्थूजीनं व्हॉल्व्ह त्यांच्याच हातात दिला.

"पुसलं तरी पुरतं जात नाई, भाऊजी. तोंडाची वाफ सोडा त्याच्यावर. हळू."

रूपरावांनी वाफ सोडली. काच धूसर झाली, आणि त्या धुक्यात नाव उमटलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते वळण त्यांनी वडलांच्या मांडीवर बसून पाहिलेलं होतं. क्षणात विरलं. त्यांनी परत वाफ सोडली, परत पाहिलं. मग धोतराच्या सोग्यानं काच पुसायला गेले.

"पुसू नका," बहीणभाऊ एकदमच म्हणाले.

रूपरावांचा हात थांबला. मग व्हॉल्व्ह त्यांनी जपून नत्थूजीच्या समोर ठेवला.

"रेडिओ अजून खरखर करून राह्यला," ते म्हणाले. "लग्नाच्या आदल्या दिवशीच येजो. अन् शपथ सेलूलेच ठेवून येजो."