फ्रिजवर पडलेले अठरा प्रश्न

मी एक प्रश्नावली, लहान मुलांत ऑटिझमची चिन्हं आहेत का ते विचारणारी. एका पानाची, अठरा प्रश्नांची, प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. दवाखान्याच्या झेरॉक्स मशीनमधून गरमागरम बाहेर पडले तेव्हा वाटलं, आता मुलांचं भलं होणार. वयच तसं होतं माझं.

दोन वर्षांच्या चिमुरडीला लस टोचून झाल्यावर नर्सने मला तिच्या आईच्या हाती दिलं. घरी मी थेट फ्रिजवर गेले आणि पाच आठवडे बिस्किटांचा डबा डोक्यावर घेऊन बसले.

तिथून घर छान दिसायचं. चिमुरडी हाकेला वळायची नाही. बोट दाखवून काही मागायची नाही. मोठ्यांचा हात धरून डब्याकडे न्यायची, जणू हात म्हणजे चिमटा. चपला मात्र ओळीने लावायची, त्याचं कोण कौतुक!

अखेर एका रविवारी मला खाली उतरवलं. बाबा सुतार, मापाला पक्के. आई वाचायची, बाबा खुणा करायचे.

"हाक मारली की बघते का?"

"तिचा दादा तरी कुठे बघायचा? चांगलीच आहे की. 'हो'."

"बोटं डोळ्यांजवळ नाचवते का?"

"दादा अजून नाचवतो. त्यात काय? 'नाही'."

आत्याने फोनवरून दुजोरा दिला, आपल्याकडे मुलं उशिराच बोलतात, तिचा बाबा स्वतः चौथ्या वर्षी बोलला. लाकूड कापण्याआधी टेप दोनदा धरणाऱ्या माणसाने इथे टेप म्हणून सहा वर्षांचा दादा धरला. अठराच्या अठरा उत्तरांत मुलगी ठणठणीत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला वाचलं, मग चिमुरडीला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. ती वळली नाही. कान तर आधीच तपासून ठीक निघाले होते.

"हे कुणाकडे बघून भरलंत?"

आईने पेन मागितलं आणि एकेक खूण खोडायला लागली. बाबा म्हणाले, "अगं, हे खोडलंस तर दादाचं काय?"

आईने मान वर केली नाही. "त्याचाही फॉर्म घेऊ."

मोठ्या मुलांची प्रश्नावली वेगळी असते, माझी थोरली बहीणच म्हणा. फाईलमध्ये आता ती माझ्या पाठीला स्टेपल केलेली आहे. चिमुरडीचे बोलण्याचे धडे सोमवारपासून सुरू. दादाला तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची. तो दोन वर्षांचा होता तेव्हाही कुठल्या तरी फ्रिजवर माझ्यासारखी एखादी पडून राहिली असेल.

मी निदान करत नाही हो, फक्त नीट बघा म्हणते. घराण्यात सगळे असेच असतील, नक्कीच असतील. म्हणून काय 'हो'चं 'नाही' होतं? मला भरायचं असेल तर समोरचं मूल बघून भरा. खाडाखोड झाली तर होऊ द्या. त्या दिवसापासून मी दिसायला गबाळी आहे, पण खोटी नाही.