बारा वर्षांचा भरवशाचा हात

रक्तदाब मोजायची मशीनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुरुस्त झालेलं मशीन पाऱ्याच्या मशीनशी ताडून बघायचं, असा नियम आहे. पण नियम नवख्यांसाठी असतात. माझं बीपी बारा वर्षं एकशेदहा-सत्तर, त्यामुळे मी पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधायची. काट्याने एकशेदहा दाखवलं की मशीन पास. पाऱ्याचं मशीन कपाटावर धूळ खात पडलं होतं.

मला आठवा महिना लागला आणि एका प्रसूतिगृहाचं मशीन आलं. फुगा फाटला होता, तो बदलला, पट्टा दंडाला बांधला, तर दीडशे-शंभर. नाचता येईना अंगण वाकडं. मी आतली स्प्रिंग आवळत गेले, काटा एकशेदहावर येईपर्यंत. मग दुसरं मशीन घेतलं. तेही दीडशे. तिसरंही. एकाच आठवड्यात तीन मशीनं एकाच रोगाने आजारी पडली आणि मी ती बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसले.

सासूबाई कामाच्या खोलीत डोकावल्या. "अगं, तोंड बघ किती सुजलंय. अंगठी तरी निघते का बोटातून?"

"आई, या दिवसांत सगळ्यांनाच सूज येते."

"पायांना येते. तोंडाला नाही. आणि डोकं धरून का बसलीस?"

"खोलीत उजेड कमी आहे."

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला वाईट काही ऐकायचंच नव्हतं मला. काट्याकडूनसुद्धा नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी नवऱ्याने पहिलं मशीन प्रसूतिगृहात पोचवलं आणि दुपारी सासूबाई मला आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. सिस्टरनी पट्टा बांधला. "एकशेसाठ-एकशेदहा."

"तुमचं मशीन बिघडलंय," मी म्हणाले. "द्या माझ्याकडे, उद्या करून देते."

सिस्टरनी मशीन उलटं करून माझ्यापुढे धरलं. मागे चिठ्ठी होती, 'तपासले, अचूक', आणि खाली गेल्या वर्षीची माझी झोकदार सही. सासूबाईंनी पदराआड हसू दाबलं. मग लघवीच्या तपासणीत प्रथिनं निघाली आणि त्यांचं हसू मावळलं.

"डोकं दुखतं?" सिस्टरनी विचारलं. "डोळ्यांपुढे काजवे चमकतात? बरगड्यांखाली कळ येते?"

"हो. हो. हो."

"किती दिवस?"

"आठ."

त्यांनी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी प्रसूतिगृहाला फोन लावला. "सकाळी आलेलं मशीन वापरू नका. चाळीसने कमी दाखवतंय."

"अहो, त्यावर अकरा जणी तपासून झाल्या."

"सगळ्यांना परत बोलवा. आजच."

इस्पितळात मला इंजेक्शन दिलं, गोळ्या सुरू केल्या, पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके ऐकवले. ठोके ठीक होते. मी इतकी रडले की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुरे, याने बीपी अजून चढेल.

संध्याकाळी शेजारच्या खाटेवर एक जण आली. सातवा महिना असेल. तिचंही तोंड सुजलेलं.

"सकाळी सांगितलं, तुमचं एकदम छान आहे, जा घरी," ती म्हणाली. "मग फोन करून परत बोलावलं. मशीन चुकलं होतं म्हणे. परत मोजलं, तर हे एवढं. तो फोन आला नसता तर?"

मला गप्प बसता आलं असतं. गेले आठ दिवस तेच तर करत होते.

"मशीन नाही चुकलं, ताई," मी म्हणाले. "मी चुकले."

ती सावकाश कुशीवर वळली, माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "सांगा."