बाराच्या ठोक्यांतलं कुलूप

ही त्या दिवसांतली गोष्ट, जेव्हा टेलिफोन घरातल्या एका कोपऱ्यात बसून असायचा आणि बाहेर गेलेल्या माणसाला शोधायचं तर पायांनीच शोधावं लागायचं.

शहराच्या मधोमध जो मोठा चौक होता, तिथल्या दुकानदारांपासून पोलिसांपर्यंत सगळे छत्रीबाईंना ओळखत. एकतीस वर्षं त्या बाहेरगावच्या पाहुण्यांना चौकातल्या नामांकित इमारती दाखवत होत्या. ऊन असो नसो, हातात लाल छत्री. तिची भाषा ठरलेली होती. छत्री उघडून उंच धरली की सगळ्यांनी जमायचं, आणि दोनदा उघडमीट केली की पुढे चालायचं. जमल्यावर मोजणी. बाईंनी बोट दाखवलं की त्या माणसाने हात वर करायचा. बाईंची एकुलती एक लेक लहानपणी शाळा सुटली की या फेऱ्यांतच असायची. नवरा लवकर गेला होता, पोरीला ठेवायचं कुठे? मोजणीत ती नेहमी शेवटी उभी राहायची आणि दोन्ही हात वर करायची.

"एका माणसाचे दोन कसे गं?"

"मला चुकून विसरलीस तर? एक हात राखीव."

त्या शनिवारी फेरीला चौदा माणसं होती. बाईंनी त्यांना हिरव्या तांब्याच्या घुमटाचं ग्रंथालय दाखवलं, पेढीच्या दारातले दोन दगडी सिंह दाखवले, त्यातल्या एकाचं तोंड बंद का ते सांगून हसवलं. मग सगळे एका पत्र्याच्या कुंपणाशी आले. कुंपणापलीकडे नुसता खड्डा होता.

"इथं काय बघायचं?" एका जाडजूड गृहस्थांनी विचारलं.

"इथं नाट्यगृह होतं. बाराशे खुर्च्या, आणि छतावर रंगवलेलं आकाश. गेल्या वर्षी पाडलं."

"कुणी?"

एरवी बाई 'कंपनीने' एवढंच म्हणत. आज तोंडातून निसटलं, "माझ्या होणाऱ्या जावयाने."

सगळे खो खो हसले. बाईंना हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. तो पाडकामाच्या कंपनीत मुकादम होता. नाट्यगृहाच्या कुंपणाशी रोज उभं राहून बाई त्याच्या माणसांना शिव्याशाप देत, आणि आईला घरी न्यायला येणारी लेक त्याच्याशी दोन शब्द बोलू लागली. दोनाचे किती झाले ते बाईंना कळलं तेव्हा छत उतरलं होतं. आठ दिवसांपूर्वी घरात कडाक्याचं भांडण झालं.

"आई, त्याने नसतं पाडलं तर दुसऱ्याने पाडलं असतं."

"मग त्या दुसऱ्याला मी जावई करून घेतलं नसतं."

"तुला माणसांपेक्षा भिंती जास्त आवडतात."

"भिंती उलटून बोलत नाहीत."

लेकीने पिशवी भरली. दारात उभी राहून म्हणाली, "शनिवारी दुपारी नगरभवनात सह्या आहेत. सव्वाला बोलावलंय. यायचं तर ये."

"मी येणार नाही. लिहून घे."

ती मैत्रिणीकडे राहायला गेली ती गेलीच. पण त्या शनिवारी सकाळी बाईंनी कामाच्या कोटाखाली ठेवणीतले कपडे घातले होते. पिशवीत नवे बूट होते. फेरीतला शेवटचा मुक्काम घड्याळाचा मनोरा, आणि समोरच, चौक ओलांडून तीनशे चाळीस पावलांवर, नगरभवन. सगळं मिनिटामिनिटाने जमवलं होतं. मनाचं तेवढं ठरत नव्हतं.

मनोऱ्याचे नियम कडक होते. जिना अरुंद, म्हणून पिशव्या राखणदाराच्या खोक्यात ठेवायच्या. वर जाणाऱ्या प्रत्येकाला एक पितळी बिल्ला मिळे, खाली आल्यावर तो परत खिळ्यावर. सगळे खिळे भरले की मनोरा रिकामा झाला. बाईंनी एकतीस वर्षांत एकदाही बिल्ला घेतला नव्हता, की पिशवी खाली ठेवली नव्हती.

"तुम्हाला कसला बिल्ला?" राखणदार नेहमी म्हणे. "तुम्ही म्हणजे मनोऱ्यातलंच सामान."

त्या दिवशीही म्हणाला. वर बजावलं, "आज बाराला कुलूप हं. सव्वाबाराची गावची बस आहे माझी. उद्या-परवा सुट्टी. आता भेट मंगळवारी."

दोनशे बारा पायऱ्या चढून बाईंनी यंत्राच्या खोलीत आपलं ठेवणीतलं वाक्य म्हटलं, "एकशे चार वर्षांत हे घड्याळ एकदाही चुकीचं वाजलेलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. बाराला दहा मिनिटं असताना बाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. दोर धरून, सावकाश. फेरी इथंच संपली, खाली माझ्यासाठी थांबू नका. गुडघे जरा बोलतायत माझे."

गुडघे बोलत नव्हते. त्यांना पाच मिनिटं हवी होती. त्या तेलाच्या डब्यांशेजारच्या लाकडी पेटीवर बसल्या आणि विचार करू लागल्या. जायचं? गेलं तर त्या पोराला काय म्हणायचं? नमस्कार, तुम्ही माझं नाट्यगृह पाडलंत, आता माझी लेक न्या?

बाराचे ठोके सुरू झाले. बाईंनी सवयीने दोन्ही कानांत बोटं घातली. खाली राखणदाराने चौदा खिळ्यांवर चौदा बिल्ले पाहिले, जिन्यात मान घालून "राहिलंय का कुणी?" असं जोरात विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून किल्ली फिरवली. त्याचं काही चुकलं नव्हतं.

बाई खाली पोचल्या तेव्हा जिन्यात काळोख होता. त्यांनी दार ढकललं. मग थोपटलं. मग दोन्ही मुठींनी बडवलं.

"अहो! मी आहे आत! अहो!"

बाहेर गाड्यांचा आवाज. या दाराच्या वेलबुट्टीवर त्या रोज दहा मिनिटं बोलत. एका सुताराने सात वर्षं खपून कोरलेलं, प्रत्येक पान वेगळं. लोकांना त्यावरून हात फिरवायला लावत. आता अंधारात त्यांचा स्वतःचा हात फिरला तर नुसत्या खरबरीत फळ्या लागल्या. दिवसा दार भिंतीला टेकून उघडं असायचं. आतली बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

हाका मारून घसा बसला. आता मंगळवार, हे डोक्यात आलं आणि लगेच त्याहून वाईट ते आलं. पोरीला वाटणार, आई हट्टाने आली नाही. जन्मभर वाटणार. मागून हजार वेळा सांगितलं, कुलूप लागलं होतं म्हटलं, तरी तिच्या मनात एक कोपरा म्हणणार की आईने तेच बरं मानलं असेल. आणि तो कोपरा पुरता खोटाही नसणार. पेटीवर बसून त्या दुसरं काय करत होत्या?

त्या पुन्हा चढल्या. मधे तीनदा बसल्या. वर पोचल्या तेव्हा एकचा ठोका पडत होता.

घड्याळाच्या तबकडीत, सहाच्या आकड्यापाशी, काटे पुसायला एक झडप होती, ताटाएवढी. ती उघडून त्यांनी बाहेर पाहिलं. नगरभवनाच्या अकरा खांबांपैकी चौथ्याला टेकून लेक उभी होती, पिवळ्या कपड्यांत. शेजारी मैत्रीण, नवऱ्या मुलाची आत्या, आणि तो स्वतः. लेक पाहत होती रस्त्याकडे, जिथून ट्रॅम यायच्या. एक ट्रॅम आली, माणसं उतरली, लेकीने टाचा उंचावल्या, आणि ट्रॅम गेल्यावर खाली टेकवल्या.

"अगं, इकडे! वर बघ, वर!"

चौकातली कबुतरंसुद्धा हलली नाहीत. बाईंनी झडपेतून छत्री बाहेर काढून उघडली. पण न पाहणाऱ्यासाठी छत्री असली काय, नसली काय.

बाईंनी मागे वळून घंटेवरच्या हातोड्याची तार पाहिली. एकशे चार वर्षं, त्या मनात म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी तार ओढली.

एक वाजून पाच मिनिटांनी घड्याळाने ठोका दिला. मग आणखी एक. मग कसलाच हिशोब न ठेवता सतरा-अठरा. मनोऱ्यातली सगळी पाखरं एकदम उडाली. कानांत बोटं घालायला हात मोकळे नव्हते. धडपडत झडपेशी येऊन त्यांनी छत्री पुन्हा बाहेर उघडली, तर अख्खा चौक माना वर करून उभा होता. आणि चौथ्या खांबाशी पिवळ्या कपड्यांतली त्यांची पोर, तोंडावर हात ठेवून.

लेक पायऱ्या उतरू लागली. दारातल्या कारकुनाने तिला काहीतरी सांगितलं, ती थबकली. तिच्याऐवजी तिचा होणारा नवरा धावत सुटला. सरळ मनोऱ्याकडे.

बाई पुन्हा खाली. दोनशे बारा.

"आई!" दाराच्या फटीतून आवाज आला. "आत आहात ना? बऱ्या आहात ना?"

या आवाजाने त्यांना 'आई' म्हटलेलं हे पहिल्यांदाच. "मला काय धाड भरलीय! किल्ली राखणदाराकडे, नि तो गावाला गेला."

"कळलं चौकातल्या पोलिसाकडून. दुसरी किल्ली कचेरीत, कचेरी मंगळवारी उघडणार. दुकानातून फोन करून बंबवाल्यांना सांगितलंय, पण त्यांची मोठी शिडी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलीय. चार वाजतील म्हणाले. आणि नगरभवन दोनला बंद."

"ती का नाही आली?"

"आमचा नंबर कधीही पुकारतील. दोघंही हललो तर पुढच्या जोडीला घेणार, मग आज होत नाही. पण ती आत जायलाच तयार नाही. म्हणते, आईशिवाय सही नाही."

बाई अंधारात दाराला टेकल्या. बाहेर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो हळूच म्हणाला, "आई, हे दार... तुम्ही म्हणालात तर तोडू?"

सात वर्षं. प्रत्येक पान वेगळं. बाईंनी खरबरीत फळीवर हात ठेवला.

"तोड," त्या म्हणाल्या.

मग दारावर वेगवेगळ्या जागी बोटांनी टकटक झाली, डॉक्टर छातीवर करतात तशी. बिजागऱ्यांशी, कुलपाशी, खाली चौकटीशी.

"नाही तुटायचं," तो म्हणाला. "चार बोटं जाड आहे, मधे लोखंडी पट्टी आहे. यंत्र लागेल, आणि लग्नाला येताना मी यंत्र आणलं नाही." पुन्हा एकदा टकटक करून म्हणाला, "फार चांगलं काम केलंय हो कुणीतरी."

बाईंना हसू फुटलं, आणि हसताना डोळे कधी भरले ते कळलं नाही. "तू कसला पाडकाम्या रे! जा आता. तिला म्हणावं, आई म्हणते सही कर."

"माझ्या तोंडून पटणार नाही तिला. वाटेल, मी समजूत काढतोय."

"मग एवढंच सांग, वर बघत राहा."

त्याचे बूट फरशीवरून धावत दूर गेले. बाई वळल्या आणि दोराला धरून तिसऱ्यांदा चढू लागल्या. आता गुडघे खरोखर बोलत होते. शेवटच्या वीस पायऱ्या त्यांनी हात टेकून, लहान मुलासारख्या चढल्या.

वर पोचल्या तर झडप झाकलेली. दीड वाजायला आला होता आणि मिनिटकाटा नेमका सहावर, झडपेवर आडवा आला होता. त्याच्या कडेने समोरच्या पायऱ्या दिसत होत्या. तो पोचला होता, हात वर करून मनोरा दाखवत होता. लेक टक लावून पाहत होती. मागे कारकून दारात येऊन कागद हलवत होता.

काटा आपल्या चालीने सरकायला पाच मिनिटं घेणार होता. बाईंनी तळहात लावून त्याला ढकललं. जड होता, पण सरकला. शहराचं घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं.

त्यांनी छत्री बाहेर काढली, होता होईल तेवढा हात लांब करून. उघडली, मिटली. उघडली, मिटली.

पुढे चला.

लेक हलली नाही. बाईंनी पुन्हा केलं. उघडमीट, उघडमीट. एकतीस वर्षांत कधी कुणाला त्यांनी दोनदा सांगितलं नव्हतं.

मग तीनशे चाळीस पावलांपलीकडे, चौथ्या खांबाशी, पिवळ्या कपड्यांतल्या लेकीने दोन्ही हात वर केले. सरळ, कोपर न वाकवता, सात वर्षांची असताना करायची तसे. तिच्या शेजारच्याला काय चाललंय ते बहुधा कळलं नसावं, पण त्यानेही आपला एक हात वर केला.

बाईंनी सवयीने मोजलं. मैत्रीण, आत्या, जावई, आणि लेक, शेवटी.

ते आत गेले. पायऱ्या रिकाम्या झाल्या. पाठीमागे यंत्र आपलं टकटक करत होतं, खोलीत तेलाचा वास कोंदला होता आणि खालच्या दाराला कुलूप तसंच होतं. दंड भरून आला तरी बाईंनी छत्री आत घेतली नाही. उघडून उंच धरून ठेवली. बाहेर आल्यावर पोरीने आधी वर पाहायचं होतं.