राहुरीमार्गे

सरकारनं एसटीत बायकांचं तिकीट अर्धं केलं आणि सोनईतल्या पुरुषांची पायपीट वाचली. बँक, तहसील, लेकीचं सासर, सगळीकडं बायकोच जाते. पुंजाराम मास्तरांचं क्लॅरिनेट विकायला विजयमाला नगरला गेली ती याच हिशेबानं. मास्तर बासष्ट वर्षांचे. पासष्टी गाठली नव्हती, म्हणजे एसटीच्या लेखी अजून तरणेबांड. पूर्ण तिकीट. शिवाय त्यांच्यानं स्टँडपर्यंत चालवत नव्हतं. फुफ्फुसं आतून वाळत चालली होती. पस्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेल्या माणसाला आता बशीतला चहा फुंकता येत नव्हता.

डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं होतं. ते भाड्यानं मिळायचं, पण आधी चार हजार अनामत. घरात तेवढं मोल येईल अशी वस्तू एकच होती.

निघताना मास्तरांनी खाटेवरून बजावलं. चार शब्द, मग थांबा, मग पुढचे चार.

"बिभीषणकडंच जा. वाजवून बघंल... त्यालाच दे. भिंतीला टांगायला... न्हाई द्यायचं."

"मी कशाला टांगू भिंतीला?"

"तू न्हाई गं... लोकं टांगत्यात."

बसमध्ये तिनं क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेतली. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ह्यात काय?"

"डबा हाय. दवाखान्यात चाललेय."

वाद्य म्हटलं तर सामानाचं तिकीट फाडील, ही भीती. अर्ध्या तिकिटातल्या बाईनं पेटीचं पूर्ण तिकीट काढायचं म्हणजे पेटी तिच्याहून महाग झाली असती.

बिभीषणचं नगरात बँडचं दुकान होतं. एके काळी तो मास्तरांच्या मागं ताशा बडवायचा. आता स्वतःचा बँड, स्वतःचं पोट आणि भिंतीवर लाल कोट ओळीनं लटकलेले. त्यानं पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं, तोंडाकडचा भाग उलटा करून पाहिला.

"वहिनी, पत्ती कुठंय?"

"कसली पत्ती?"

"फुंकताना थरथरती ती. एवढुशी, वेताची. तिच्याबिगर आवाज न्हाई निघत."

"जे हाय ते पेटीत हाय," ती फणकारली. गिऱ्हाईक आधी खोट काढतं आणि मग भाव पाडतं, हे तिला शेळ्या विकून ठाऊक होतं.

बिभीषण हसला. खिशातल्या डबीतून स्वतःची पत्ती काढून त्यानं जिभेवर ओली केली, बसवली आणि डोळे मिटून वाजवायला लागला. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री उभी करून ऐकत राहिला. विजयमालाला सुरांतलं काही कळत नव्हतं. लग्न झाल्यापासून ऐकलेलं पुन्हा ऐकू आलं, एवढंच.

"वस्तू मास्तरांची हाय, मी काय बोलू," बिभीषण म्हणाला. "दीड हजार देतो. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या लागल्या की आनिक पाचशे."

"चार पायजेत."

"वहिनी, वरातीत आता डीजे असतोय. मलाच कुनी चार देत न्हाई. हे कोट बघा, गिऱ्हाईक असलं तर सांगा."

"उधारीवर श्वास मिळतो का हो भाऊजी?"

बिभीषणनं क्लॅरिनेट फडक्यानं पुसून पेटीत ठेवलं, पत्ती मात्र काढून घेतली. त्याचीच होती.

परतीची बस पांढरीपुलाला थांबली, तेव्हा खिडकीतून एक नवं हॉटेल दिसलं. दर्शनी भिंतीवर नांगर, कंदील, ग्रामोफोनचा कर्णा, कुणाच्या तरी आजीचं जातं. सोनईपर्यंतचं तिकीट हातात असताना विजयमाला तिथं उतरली. उरलेल्या वाटेचे पैसे बुडाले, पुढं पुन्हा तिकीट काढावं लागणार. एवढी उधळपट्टी तिनं आयुष्यात केली नव्हती.

हॉटेलचा मालक गॉगलवाला, तिशीतला. वाजतं का, हे त्यानं विचारलंच नाही.

"किती जुनं आहे?"

"पस्तीस वर्स."

"शंभर सांगू आपण. गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

"मग शंभराच्या हिशेबानं द्या. सहा हजार."

तो मोकळेपणानं हसला आणि चार हजार दोनशेवर सौदा ठरला. पैसे मोजून देताच त्यानं क्लॅरिनेट नांगराच्या वर धरून पाहिलं, मग हात लांब करून कंदिलाच्या बाजूला. "इथंच. रस्त्यावरनं दिसलं पाहिजे. बसमधली माणसं बघतात."

घरी मास्तर उठून बसलेले.

"कुनी घेतलं?"

"बिभीषणनं."

"किती?"

"चार हजार दोनशे."

मास्तर तिच्याकडं बघत राहिले. ताशेवाल्याला ते ओळखून होते. "बिभीषण... चार हजार? लग्नात आहेर... पाकीट रिकामं देनारा मानूस."

विजयमाला पाण्याचा तांब्या शोधायला लागली. तांब्या समोरच होता.

"हिकडं बघ. वाजवलं का त्यानं?"

"वाजवलं की. इस्त्रीवाला ऐकत हुता."

"कसं वाजवलं? पत्ती तर... मी काढून ठेवली." मास्तरांनी उशाखालून एवढीशी डबी काढली. "खरा वाजवनारा असंल... तर पैल्यांदा तेच इचारील. टांगनाऱ्याला... कळायचं न्हाई."

पस्तीस वर्षांच्या संसारात नवरा आपली परीक्षा घेतो आणि आपल्याकडं नेमकं उत्तर आहे, असं तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

"तेच इचारलं की पैल्यांदा! वहिनी, पत्ती कुठंय म्हनं. मी म्हनलं, जे हाय ते पेटीत हाय. मग खिशातनं सोताची काढली, जिभंवर वली केली, आन् डोळं मिटून वाजवलं."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. खोटं होतं ते तिनं आधीच सांगून टाकलं होतं.

मास्तर आडवे झाले. "डोळं मिटून," ते म्हणाले. "मीच शिकवलं. आधी... नवरीकडं बघायचा."

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. ते रात्रंदिवस घुरघुरायचं आणि विजेचं मीटर पळवायचं. भेटायला येईल त्याला मास्तर नाकातली नळी सावरत सांगायचे, बिभीषणनं चार हजार दोनशे मोजले, रोख. डीजेवाले काहीही म्हणोत. शेजारची लंकाबाई तर आपल्या सासऱ्याचा संबळ घेऊन आली, ह्याचे किती येतील म्हणून. विजयमालानं तिला दारातूनच परत पाठवलं.

पंधरा दिवसांनी मास्तरांना दवाखान्यात न्यायची पाळी आली. सोनईहून नगरला जायला दोन वाटा. घोडेगावमार्गे जवळची, ती पांढरीपुलावरून जाते. राहुरीमार्गे लांबची. विजयमालानं मास्तरांना धरून राहुरीच्या बसमध्ये चढवलं.

"हिकडनं का?"

"घोडेगावचा बाजार हाय. जनावरांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो."

"बाजार शुक्रवारी. आज... मंगळवार."

"मंग रस्ता उकरलाय. गुमान बसा, बोलू नका, दम लागंल."

बोलायला दम लागतो, ही तिला सापडलेली मोठी सोय होती.

कंडक्टरनं एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं. ह्या वाटेनं मास्तरांचे तीस जादा, तिचे पंधरा. जाऊन-येऊन नव्वद. दर पंधरा दिवसांनी नव्वद.

ही वाट किती दिवस परवडेल, याचा हिशेब तिनं राहुरीकडचा ऊस खिडकीतून मागं पडत असताना केला. मागच्या वेळी डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत थांबवून घेतलं होतं. दिवाळी दिसली तर बघू, म्हणाले होते. मशीन कशाला मग, असं तिनं विचारलं होतं. त्रास कमी होईल, म्हणाले. म्हणजे पाच खेपा. फार तर सहा.

"लई जातंय का... पैसं?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "भागंल."